बीटलचा बंब

आषाढात केळशीहून पहाटे निघून मंडणगडच्या रस्त्याला लागलेल्या जुन्या गाडीत एक गोष्ट हमखास घडते. झड आत येऊ नये म्हणून काचा वर घेतलेल्या असतात, आत चार माणसं आणि दोन ओल्या छत्र्या असतात, आणि गाव मागे पडायच्या आत पुढची काच आतून पांढरी होते. चालवणारा फडक्याने पुसतो, शेजारचा तळहाताने पुसतो. दोन वळणं नीट दिसतात, की पुन्हा पांढरं. गाडी जर फोक्सवॅगनची जुनी बीटल असेल, तर यात एक कोडंही आहे. मागच्या सीटच्या पाठीशी असलेलं इंजिन हात भाजेल इतकं तापलेलं असतं. काच कोरडी ठेवायला लागते त्याच्या कितीतरी पट उष्णता ते सतत रस्त्यावर सोडून देत असतं. मग ती चार हात पुढे, काचेपर्यंत का येत नाही?

बीटलचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. जुनी फियाट ५००, सिट्रोएनची टूसीव्ही, १९९८ पर्यंतची पोर्शे ९११ या गाड्याही त्याच जातीच्या. पुण्यामुंबईच्या जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत बीटल हौसेने जपलेली दिसते. अशा गाडीत हीटर मुळात नसेल, किंवा मधल्या कुणा मालकाने काढून टाकला असेल, तर तो पुन्हा बसवता येतो. पण त्याआधी तो चालतो कसा, हे कळायला हवं. कारण नीट न बसवलेला हीटर नसलेल्या हीटरपेक्षा फार वाईट.

केळशीला हीटर कशाला?

थंडीसाठी नक्कीच नाही. दापोलीचा पारा हिवाळ्यात कधीकधी १० अंशांच्या आसपास उतरतो, म्हणून तिला मिनी महाबळेश्वर म्हणतात. पण केळशी समुद्राला लागून, भारजा नदीच्या खाडीच्या मुखाशी आहे, आणि समुद्र तिला फार गार होऊ देत नाही. जानेवारीच्या पहाटे शाल पुरते. इथे हीटर लागतो तो पावसाळ्यात, आणि माणसांसाठी नव्हे तर काचेसाठी.

हवेत वाफ किती मावते हे हवेच्या तापमानावर ठरतं. २५ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं. कोकणातल्या पावसाळी हवेत त्यातले २०-२१ ग्रॅम आधीच भरलेले असतात. बीटलच्या आतली हवा जेमतेम तीन घनमीटर. म्हणजे सगळ्या गाडीत मिळून आणखी सहा ते नऊ ग्रॅम पाण्याचीच जागा उरली. नुसता बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४०-५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चौघांचा हिशेब मिनिटाला तीन ग्रॅमच्या घरात जातो. काचा बंद असल्या तर दोन-तीन मिनिटांत हवा काठोकाठ भरते. तोवर पुढची काच पावसाने आणि समोरच्या वाऱ्याने आतल्या हवेपेक्षा एक-दोन अंश गार झालेली असते, आणि जास्तीची वाफ तिच्यावरच थेंबांच्या रूपात बसते. हे थेंब इतके बारीक असतात की प्रकाश त्यांच्यातून सरळ जात नाही, विखुरतो. समोरून ट्रक आला की त्याच्या दिव्याने सगळी काच उजळते आणि रस्ता दिसेनासा होतो.

आता तीच २५ अंशांची भरलेली हवा ३५ अंशांपर्यंत तापवा. तिची क्षमता जवळजवळ ४० ग्रॅमवर जाते. पाणी तेवढंच असलं तरी हवा आता साठ टक्क्यांपेक्षा कमी भरलेली आहे. ती काचेवरून वाहत गेली की थेंब उचलून नेते, शिवाय काचही ऊबदार होते. आजच्या गाड्यांतला एसी हवा आधी गार करून तिच्यातलं पाणी काढून टाकतो, म्हणून तिथे काम आणखी लवकर होतं. बीटलच्या काळच्या गाडीकडे फक्त पहिला उपाय आहे: हवा तापवायची आणि काचेवर सोडायची.

किती तापवायची? सेकंदाला २० लिटर हवा २० अंशांनी तापवायला साधारण ५०० वॅट लागतात. साध्या वेगाने जाणारं इंजिन चाकांना १० किलोवॅट देत असेल, तर निदान तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून वाया जात असते. आपल्याला त्यातला विसावा भाग पुरेल.

पाणी वाहून नेतं, वारा सांडतो

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन पाण्यावर थंड होत असे. टाटा नॅनोचं इंजिन बीटलसारखंच मागे, पण तेही पाण्यावरचं. अशा गाडीत हीटर बसवणं सोपं असतं. इंजिनाभोवती फिरून ८०-९० अंशांपर्यंत तापलेलं पाणी एका रबरी नळीने डॅशबोर्डमागे आणायचं, तिथल्या छोट्या रेडिएटरमधून फिरवायचं, आणि त्यावरून पंख्याने हवा मारायची. नळी बोटभर जाड असली तरी चालते, कारण पाणी उष्णता फार दाटीने भरून नेतं. तापमानात तेवढीच वाढ झाली, तर एक लिटर पाण्यात मावणारी उष्णता एक लिटर हवेत मावणाऱ्या उष्णतेच्या सुमारे साडेतीन हजार पट असते.

हवेवरच्या इंजिनात हे पाणीच नाही. जुन्या बजाज चेतकचं इंजिन उघडून पाहिलेल्या कुणालाही ही रचना ओळखीची वाटेल: सिलिंडरवर जवळजवळ बसवलेल्या पातळ फिन्स, शेजारी पंखा, आणि वारा इकडेतिकडे न जाता फिन्समधूनच जावा म्हणून वरून पत्र्याचं आवरण. आपल्या रिक्षांचं इंजिन वर्षानुवर्षं असंच थंड होत आलं आहे. बीटलमध्ये हाच प्रकार मोठ्या मापात आहे. डायनॅमोच्या दांड्यावरच पंखा बसवलेला असतो, बेल्टने फिरतो, आणि इंजिन जोरात असताना सेकंदाला सुमारे अर्धा घनमीटर हवा फिन्समधून ढकलतो. ही रचना साधी आणि टिकाऊ आहे, पाणी गळण्याची किंवा उकळण्याची भानगडच नाही. १९३८ पासून २००३ पर्यंत दोन कोटींहून जास्त बीटल बनल्या, त्यात या साधेपणाचा वाटा मोठा आहे. पण अर्धा घनमीटर हवेत पातळ पसरलेली ती उष्णता गाडीखालून रस्त्यावर सांडते, आणि ती गोळा करून पुढे आणायला बोटभर नळी पुरत नाही.

पहिला उपाय सर्वांना सुचला तो सरळ होता. फिन्सवरून तापून आलेली हवाच आत घ्यायची. १९६२ पर्यंतच्या बीटल हेच करत. फियाट ५०० मध्ये एक खटका फिरवला की इंजिनावरची हवा थेट आत येई. अमेरिकेत शेवरोलेच्या कॉरव्हेअरनेही १९६१ पासून हीच वाट धरली. उपाय स्वस्त, पण इंजिनाच्या अंगावर जे जे असेल ते आत येतं. कुठे तेल पाझरत असेल तर जळक्या तेलाचा वास, पॅकिंग फुटलं असेल तर त्याहून वाईट काही.

बंबाची रचना

१९६३ च्या मॉडेलपासून फोक्सवॅगनने वाट बदलली, आणि ही नवी रचना आपल्याकडच्या अंघोळीच्या बंबासारखी आहे. तांब्याच्या बंबात मधोमध नळी असते. तिच्यात जाळ आणि धूर, तिच्याभोवती पाणी. धूर वरून निघून जातो, पाणी नळीच्या अंगाने तापतं, आणि दोघांची गाठ कधीच पडत नाही. बीटलच्या इंजिनाखाली डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन आडवे बंब असतात. मधल्या नळीतून सिलिंडरमधून निघालेला, कित्येकशे अंश तापलेला धूर जातो. तिच्याभोवती ॲल्युमिनियमच्या फिन्स आणि त्यावर पत्र्याचं वेष्टण. पाण्याच्या जागी इथे हवा असते, आणि ती ताजी असते: पंख्याच्या आवरणाला वर दोन तोंडं काढलेली असतात, तिथून इंजिनाला न शिवलेली हवा जाड पाईपने या वेष्टणांत येते.

तापलेली हवा पुढे कशी नेली, हा मला या गाडीतला सगळ्यात हुशारीचा भाग वाटतो. वेगळी नळी टाकलीच नाही. दोन्ही दारांखाली, उंबरठ्यासारखी जी पत्र्याची पोकळ पेटी असते, तिच्यातूनच हवा पायांपर्यंत आणि तिथून वर पुढच्या काचेच्या बुडाशी येते. बंबाच्या तोंडाशी एक झडप असते आणि ती केबलने उघडते. आधी गिअरच्या दांड्याजवळ गोल मूठ होती, १९६५ च्या मॉडेलपासून हँडब्रेकच्या बाजूला दोन खटके आले.

आता या रचनेचा स्वभाव घाटात पाहू. केळशीहून पुण्याला जायला मंडणगड, मग माणगावमार्गे ताम्हिणी, किंवा महाडवरून वरंध. वरंध पावसाळ्यात दरडींमुळे बरेचदा बंद असतो, म्हणून ताम्हिणी धरू. घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर दाबलेला, धूर खूप आणि कडक. बंब तापतो, पंखाही जोरात फिरतो, काच स्वच्छ राहते. परतीला घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो. गिअरच्या ब्रेकमुळे इंजिन आणि पंखा जोरातच फिरतात, पण पेट्रोल फारसं जळत नाही, धूर थोडा आणि कोमट. पंखा मग तापलेल्या बंबातली शिल्लक ऊब भराभर उपसून टाकतो आणि त्यानंतर थंड हवा फुंकत राहतो. म्हणजे उतारावर, जिथे नजर सगळ्यात साफ हवी, तिथेच हीटर मलूल होतो. उभ्या गाडीत उलट प्रकार: धूर आहे पण पंखा मंद, त्यामुळे हवा काचेपर्यंत पोचतच नाही. यावर मार्ग आहे. पेटीत हवा ढकलणारा छोटा विजेचा पंखा पाईपमध्ये बसवला, तर उभ्या गाडीतही हवा पुढे येते. उतारावरच्या मलूलपणाला मात्र तोही काही करू शकत नाही.

समुद्रकाठचा शत्रू

केळशीच्या किनाऱ्यावर वाळूची एक उंच टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व अभ्यासक अशोक मराठे यांनी तिचा संबंध १५२४ च्या त्सुनामीशी जोडला, तेव्हा ती चर्चेत आली. गाडीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती या वाळूबरोबर वाऱ्यावर येणारी खार. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, ओलसर मीठ पत्र्यावर बसलं की विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहू लागतो आणि लोखंड गंजत जातं. पाऊस थांबला तरी ते वाळत नाही. हौसेने गाडी पुळणीवर नेणाऱ्यांना खालचा पत्रा काय सोसतो ते वरून दिसत नाही.

बीटलमध्ये हा गंज नेमका दोन जागी बसतो, आणि दोन्ही हीटरच्याच जागा आहेत. पहिली दाराखालची पेटी. ती आतून पोकळ, तिच्यात ओल शिरते आणि बाहेर पडत नाही. वरून रंग चकचकीत असतो आणि आत चाळण झालेली असते. ही पेटी नुसती हवेची वाट नाही, गाडीच्या सांगाड्याचा भार तिच्यावर आहे. म्हणून हीटर बसवायला घेतलेलं काम कित्येकदा पेटी बदलण्यापर्यंत जातं, आणि ते टाळू नये. वरून पट्टी ठोकून भोक बुजवण्याने हवा थांबेल, ताकद येणार नाही.

दुसरी जागा बंबाची मधली नळी. ती आतून धुराने आणि धुरातल्या पाण्याने गंजते, बाहेरून खारट हवेने. बाथरूममधल्या बंबाची नळी फुटली तर पाणी विस्तवात पडतं आणि लगेच कळतं. इथे नळीला भोक पडलं तर धूर स्वच्छ हवेत मिसळतो, तीच हवा तुमच्या पायाशी येते, आणि काहीच कळत नाही.

[चौकट]
कार्बन मोनॉक्साइड: न दिसणारा, वास नसलेला

कार्बुरेटरच्या जुन्या इंजिनाच्या धुरात हा वायू काही टक्के असतो. पीयूसीच्या तपासणीत जुन्या पेट्रोल गाडीला ३ टक्क्यांपर्यंत सूट आहे, यावरून अंदाज यावा. श्वासाच्या हवेत तो हजारात एक भाग इतका जरी झाला, तरी तासाभरात डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि पुढे शुद्ध हरपते. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट या वायूला धरतं, म्हणून थोडा वायूही बराच ऑक्सिजन अडवतो. घाटात मळमळलं की आपण वळणांना दोष देतो, आणि धोका इथेच आहे. गाडीतल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, तर हीटर बंद करा, काचा उघडा, थांबा आणि बाहेर या. बॅटरीवर चालणारा या वायूचा अलार्म मिळतो. हवेवरच्या गाडीत हीटर वापरणाऱ्याने तो डॅशबोर्डवर लावलाच पाहिजे.
[चौकट समाप्त]

नसलेला हीटर बसवायचा तर

गरम मुलखात बऱ्याच मालकांनी बंब काढून त्या जागी साधे वाकवलेले पाईप बसवले. इंजिन त्याने हलकं होतं, गंजायला एक गोष्ट कमी होते. पण पंख्याच्या आवरणावरची ती दोन तोंडं बंद केलेली आहेत का, हे पहिल्यांदा पाहा. ती उघडी राहिली तर सिलिंडरला जायची हवा तिथून वाया जाते आणि इंजिन जास्त तापतं. हीटर नको असलेल्या माणसानेही हे तपासावं.

मूळ पद्धतीने हीटर परत आणायचा तर दोन बंब, वरचे पाईप, झडपा, केबल आणि पेटीला जोडणारी रबरी तोंडं, सगळं लागतं. बंब नवे घ्या. जुन्या बाजारातला, बाहेरून वेष्टण चांगलं दिसणारा बंब स्वस्त मिळेल, पण मधली नळी वेष्टणाआड असते आणि तिची जाडी किती उरली आहे हे डोळ्याला दिसत नाही. इथे पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा मार्ग पेट्रोलवर चालणाऱ्या स्वतंत्र हीटरचा. एबरस्पेशर या जर्मन कंपनीचे असे हीटर त्या काळी बीटलला वेगळे घेता येत. बंद डबीत थोडं पेट्रोल जळतं, त्याचा धूर गाडीखाली जातो, डबीच्या बाहेरून फिरणारी हवा तापून आत येते. इंजिन बंद असतानाही तो चालतो, म्हणून घाटाच्या उतारावरची अडचण उरत नाही. दोन किलोवॅटचा हीटर तासाला पाव लिटरभर पेट्रोल खातो. हिमालयातल्या थंडीत तो उत्तम. बीटलची पेट्रोलची टाकी मात्र पुढच्या डिकीत असते, आणि केळशीच्या पावसासाठी तिथे एक जळती डबी नेऊन ठेवणं मला पटत नाही.

तिसरा मार्ग विजेचा. १२ व्होल्टवर चालणारे, पंखा असलेले छोटे हीटर सहज मिळतात. १५० वॅटचा घेतला तर तो साडेबारा अँपिअर ओढतो. १२ व्होल्टच्या बीटलचा डायनॅमो देतो साधारण ३० अँपिअर, तेही इंजिन जोरात असताना. पावसात दिवे, वायपर आणि इग्निशन मिळून निम्मे जातात. हिशेब जुळतो, पण काठावर. गाडी हळू चालली की बॅटरी उतरू लागते. अल्टरनेटर बसवलेला असेल तर मार्ग मोकळा. १९६७ च्या आधीच्या ६ व्होल्टच्या गाडीत हा नाद करू नये. तार जाड हवी, वेगळा फ्यूज आणि रिले हवा. सिगारेट लायटरच्या खोबणीवर भरवसा ठेवू नये.

आपल्याला लागत होते ५०० वॅट, आणि इथे आहेत १५०. मग उपयोग काय? सगळी काच तापवायची नाही, असं ठरवलं तर उपयोग आहे. ही थोडीशी गरम हवा एका चपट्या तोंडातून चालवणाऱ्याच्या समोरच्या भागावर सोडली, तर तेवढा भाग मोकळा राहतो. केळशीत राहणाऱ्या, खाऱ्या हवेत गाडी वर्षभर ठेवणाऱ्या माणसाला मी हाच मार्ग सुचवेन, कारण यात धुराचा प्रश्नच येत नाही. पुण्यात गाडी ठेवून अधूनमधून कोकणात उतरणाऱ्याने नवे बंब घालून मूळ हीटर जिवंत करावा. गाडीची ती मूळ रचना आहे, आणि ती चालती असणं मला महत्त्वाचं वाटतं.

कुठलाही मार्ग घेतला तरी आधी गाडीत येणारं पाणी थांबवा. दारांची आणि काचांची रबरं वाळून तडकलेली असतात, पायाखालचा गालिचा पाणी पिऊन बसलेला असतो, आणि ते पाणीही वाफ होऊन काचेवरच येतं. ओली छत्री पुढच्या डिकीत जाऊ द्या. दारांमधली पुढची त्रिकोणी काच बोटभर उघडी ठेवा. ती मागे वळवली की बाहेरचा वारा तिच्या कडेवरून जाताना आतली दमट हवा ओढून घेतो, आणि पाऊस फारसा आत येत नाही. काचेला आतून साबणाचा पुसट हात दिला तर थेंब थेंब न बनता पाण्याचा सलग पातळ थर होतो आणि त्यातून दिसतं. काचेवर बाहेरून तंबाखू चोळणारे जुने ट्रकचालक याच तत्त्वाने काम करत.

मूळ हीटर बसवणार असाल तर काम मे महिन्यात, पाऊस पडायच्या आत संपवा, आणि पहिल्या प्रवासाआधी एक तपासणी करा. इंजिन पूर्ण गार असताना, व्हॅक्युम क्लिनरच्या हवा बाहेर फेकणाऱ्या बाजूची नळी सायलेन्सरच्या तोंडाला फडक्याने घट्ट बसवा, दोन तोंडं असतील तर दुसरं फडक्याने बुजवा. हीटरचे खटके उघडा, गाडीच्या काचा आणि दारं लावून घ्या. एकाने क्लिनर चालू करावा आणि दुसऱ्याने आत बसून पायापाशी जिथे हवा येते त्या तोंडाशी उदबत्ती धरावी. बंबाची नळी शाबूत असेल तर तिच्यातली हवा वेष्टणात येऊच शकत नाही आणि धूर सरळ वर जातो. क्लिनर चालू करताच धूर वाकला आणि बंद करताच पुन्हा सरळ झाला, तर कुठल्या बाजूच्या तोंडाशी वाकला ते लिहून ठेवा. त्या बाजूचा बंब उतरवा, आणि मेकॅनिक वेल्डिंग करून देतो म्हणाला तरी तो परत चढवू देऊ नका.